रविवारनंतरचे सहा दिवस

ख्रिस्ती तरुणांनीं आपला धर्म रोजच्या जीवनांत कसा आचरावा, या विषयावर आज मला चार शब्द बोलावयाचे आहेत. विषयाचें नांव ऐकतांच कित्येकांना वाटेल, कीं हें एका लहानशा समाजाचें घरगुती बोलणें आहे. आपण ऐकलें काय अन् न ऐकलें काय, सारखेंच. तसें मात्र नाहीं. देवळांत, मशिदींत किंवा चर्चमध्यें जें आपण मोठ्या आवाजांत म्हणतों, तें बाजारांत, कचेरींत आणि स्वयंपाकघरांत कितपत टिकतें, हा प्रश्न प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां उपस्थित होतोच. मी स्वतः ख्रिस्ती आहें व माझा जन्म शिक्षकाच्या पेशांत गेला आहे. म्हणून मला ठाऊक असलेल्या समाजाचीं उदाहरणें मी घेणार आहें, इतकेंच.

शाळामास्तरास हिशेब केल्यावांचून चैन पडत नाहीं. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकीं रविवारच्या उपासनेचे फार तर दोन. उरले १६६. आमच्या घरोघरीं आईबाप मुलांना विचारतात, "चर्चला गेला होतास का? गीतांचें पुस्तक नेलें होतेंस का?" हे प्रश्न योग्यच आहेत, पण ते दोन तासांसंबंधीं आहेत. उरलेल्या १६६ तासांविषयीं आम्ही वडील माणसें बहुधा मौन धरतों. परीक्षेंत पास झालास का, नोकरी लागली का, पगार किती, एवढें विचारून आमचें समाधान होतें. मग तरुणाची अशी समजूत व्हावी यांत नवल तें काय, कीं धर्म हा रविवारचा पोषाख आहे आणि सोमवारीं तो पेटींत घडी घालून ठेवावयाचा असतो?

येशूनें जीं उदाहरणें दिलीं, तीं या समजुतीच्या अगदीं उलट आहेत. त्यानें आपल्या शिष्यांस मिठाची उपमा दिली, दिव्याची दिली, आणि देवाच्या राज्यास पिठांत कालविलेल्या खमिराची दिली. या साऱ्या वस्तु घरांतल्या आहेत. मीठ वेगळ्या वाटींत राहिलें तर अन्नास चव येत नाहीं. जखमी वाटसरूला उचलणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांस ठाऊक असेल. तो मनुष्य कोणत्या धर्मकार्यासाठीं निघालेला नव्हता. आपल्या प्रवासाला निघाला होता. धर्मकार्य करणारे दोघे त्याच्या आधीं त्याच वाटेनें गेले, आणि बाजूनें निघून गेले. मदत घडली ती कामाच्या वाटेवर, खिशांतल्या पैशानें, आणि स्वतःच्या जनावराच्या पाठीवर.

बहुधा दुसऱ्या शतकांतील एक ग्रीक पत्र उपलब्ध आहे. दिओग्नेत नांवाच्या गृहस्थास कोणा अज्ञात ख्रिस्ती लेखकानें तें लिहिलें. त्याचा आशय असा, कीं ख्रिस्ती लोक देशानें, भाषेनें वा चालीरीतींनीं इतरांहून निराळे नाहींत; ज्या नगरांत राहतात तेथलेंच अन्न खातात, तेथलाच पोषाख करतात; त्यांचें निराळेपण दिसतें तें वागणुकींत. पत्र ज्या काळांत लिहिलें गेलें, त्या काळीं उघड प्रार्थनामंदिरें बांधण्याची सोयच ख्रिस्ती लोकांस नव्हती. तेव्हां शेजाऱ्यानें त्यांचा धर्म ओळखावयाचा तो त्यांच्या देण्याघेण्यावरून व वागण्यावरूनच.

आतां अर्वाचीन काळाकडे वळूं. जॉर्ज विल्यम्स हा इंग्लंडमधील शेतकऱ्याचा मुलगा १८४१ सालीं लंडनच्या एका कापडदुकानांत नोकरीस आला. त्या काळीं दुकानांतील पोरें दिवसाचे बारा-चौदा तास राबत आणि रात्रीं दुकानाच्याच माडीवर दाटीवाटीनें निजत. विल्यम्सनें त्याच माडीवर सोबत्यांस जमवून प्रार्थनेस आरंभ केला, आणि ६ जून १८४४ या दिवशीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, अकरा सोबत्यांसह एक संस्था काढली. तीच पुढें जगभर पसरलेली यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन. आपल्या मुंबईंत ती १८७५ सालीं आली. ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं ही संस्था कोण्या धर्माचार्यानें काढली नाहीं. गज हातांत घेऊन कापड मोजणाऱ्या पोरांनीं काढली.

परंतु आज मला जरा विस्तारानें सांगावयाचें आहे तें बेल्जम देशांतील जोसेफ कार्डाइन यांच्याविषयीं. त्यांचा जन्म १८८२ सालचा. वडील कोळशाचा लहानसा व्यापार करीत. शाळा संपल्यावर बरोबरीचीं मुलें कारखान्यांत गेलीं; जोसेफनें मात्र धर्मगुरु होण्याची इच्छा घरीं बोलून दाखविली. त्या माउलीनें आणि त्या बापानें, कमावता हात हातचा जात असतांहि, होकार दिला. पुढें तो सुटींत घरीं येई, तेव्हां जुने सोबती त्याच्याशीं धड बोलेनात. काल एका बाकावर बसणारीं पोरें आज त्याला परका समजूं लागलीं. कारखान्यांत त्यांचीं शरीरें झिजलीं होतींच. पण चर्च हें मालकांचें आहे, आपलें नव्हे, अशीहि त्यांची खात्री होऊन बसली होती. १९०३ सालीं, कष्टांनीं झिजलेले वडील वारले. मुलासाठीं ते अखेरपर्यंत राबले होते. त्यांच्या मृत्यूशय्येपाशीं जोसेफनें आपलें आयुष्य कामगारांस वाहण्याचा निश्चय केला.

१९०६ सालीं त्यांना दीक्षा मिळाली आणि १९१२ सालीं ब्रुसेल्सजवळच्या लाकेन या भागांत त्यांची नेमणूक झाली. तेथें त्यांनीं कामगार पोरापोरींचीं लहान लहान मंडळें काढलीं. पहिल्या महायुद्धांत जर्मन अंमलाखालीं त्यांना तुरुंगवास घडला. तेथेंहि त्यांनीं या कार्याचे आराखडे लिहिले. युद्धानंतर फेर्नां तोने, पोल गार्से आणि जाक मेर्त या तीन तरुणांच्या साथीनें १९२५ सालीं 'ख्रिस्ती तरुण कामगार' ही संघटना रीतसर उभी राहिली. पुढें ती अनेक देशांत गेली; आपल्या देशांतहि आली.

या संघटनेची रीत तीन शब्दांत सांगतां येते. मराठींत सांगावयाचें तर पाहा, पारखा आणि करा. आठ-दहा तरुण आठवड्यांतून एकदां जमत. बाहेरून कोणी पंडित येऊन व्याख्यान देत नसे. पहिला प्रश्न असा, कीं या आठवड्यांत तुम्हीं कामावर काय पाहिलें? कोणाचा हात यंत्रांत सांपडला? नवीन आलेल्या चौदा वर्षांच्या पोराची कोणी टवाळी केली? किती तास काम झालें आणि मजुरी किती हातीं पडली? ऐकीव गोष्ट चालत नसे. स्वतः पाहिलेलें सांगावें लागे. मग दुसरा प्रश्न, हें योग्य आहे का? ख्रिस्ताच्या शिकवणीशीं तें जुळतें का? आणि जुळत नसेल तर तिसरा प्रश्न, पुढच्या बैठकीपर्यंत आपण काय करणार? करावयाची गोष्ट लहान असली तरी चाले. आजारी सोबत्यास भेटणें, नवख्या पोरास काम दाखविणें, मुकादमाकडे दोघांनीं मिळून जाणें. मात्र पुढच्या आठवड्यांत तिचा जाब द्यावा लागे.

या रीतींतील शहाणपण मला शिक्षक या नात्यानें विशेष जाणवतें. आपण मुलांना नीतीचे धडे देतों, तेव्हां बहुधा मधला शब्द तेवढा शिकवितों. योग्य काय आणि अयोग्य काय, हें आम्ही फळ्यावर लिहितों व ते उतरून घेतात. पण पाहावयास शिकवीत नाहीं, म्हणून अन्याय डोळ्यांसमोर असूनहि दिसत नाहीं. आणि करावयास लावीत नाहीं, म्हणून दिसला तरी हात हालत नाहींत. १९६१ सालीं पोप तेविसावे जॉन यांनीं आपल्या एका परिपत्रांत या त्रिसूत्रीची शिफारस केली. कार्डाइन यांना १९६५ सालीं कार्डिनल हें पद मिळालें आणि १९६७ सालीं ते निवर्तले. त्यांच्या तीन तरुण साथीदारांपैकीं तोने आणि गार्से यांना दुसऱ्या महायुद्धांत नाझींनीं पकडलें. दोघेहि १९४५ सालीं डाखाउच्या छळछावणींत मरण पावले. आठवड्याच्या लहानशा बैठकींपासून सुरू झालेली वाट कोठपर्यंत नेऊं शकते, हें यावरून दिसेल.

आपल्या मराठी मुलखांत अशीं उदाहरणें नाहींत असें नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचें नांव कोणास ठाऊक नाहीं? नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्या पतीपासून दूर झाल्या. कांहीं वर्षांनीं त्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, परत त्यांच्याजवळ आल्या. तरी आरंभीं त्यांनीं आपलें सोवळेंओवळें व स्वयंपाक निराळाच ठेविला होता. पतीच्या सांगण्यावरून त्यांनीं तो सोडला नाहीं. स्वतः विचार करून, स्वतःच्या मनाशीं भांडून, जातिभेद खोटा आहे असें ठरल्यावर सोडला. आणि १९०० सालीं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रें' वाचणारास हें ठाऊक आहे, कीं त्यांच्या बाबतींत धर्मांतराची खरी जागा पाण्याचा हंडा आणि चूल ही होती. पुढें त्या घरांत परक्या मुलांचा सदैव राबता असे. बालकवि ठोंबरे हेहि त्या घरीं राहून गेले. ज्या गृहिणीस एके काळीं कोणाचा स्पर्श चालत नव्हता, तिनें इतरांचीं मुलें आपल्या पंक्तीस घेतलीं. यासाठीं तिनें व्याख्यान दिलें नाहीं, भाकऱ्या थापल्या.

श्रोतेहो, आतां एक गोष्ट माझ्या स्वतःच्या आयुष्यांतली सांगतों. तिच्यांत मला भूषण वाटावें असें कांहीं नाहीं. म्हणूनच ती सांगणें मला अवश्य वाटतें.

मी एका खेड्यांतील शाळेंत जुना शिक्षक असतांना तेथें एक तरुण नवीन लागला. तो आमच्याच मंडळींतला होता. रविवारीं आम्ही एकाच चर्चमध्यें बसत असूं. गांव दुष्काळी. दसरा झाला, कीं निम्मा गांव ऊसतोडीस जाई आणि आईबापांबरोबर पोरेंहि जात. इकडे शाळेस किती शिक्षक मिळावयाचे, तें मुलांच्या संख्येवर ठरे. म्हणून रिवाज असा होता, कीं गेलेल्या पोरांची हजेरी आम्ही मांडीतच असूं. तपासणी आली, कीं पट भरलेला दिसे. कोणाच्या खिशांत पैसा जात नव्हता. हें पाप आहे असें आम्हां कोणास कधीं वाटलेंहि नव्हतें.

त्या तरुणानें आपल्या वर्गाची हजेरी खरी मांडली. सतरा मुलांपुढें गैरहजर असें लिहिलें. तपासणीची तारीख जवळ आली, तेव्हां हेडमास्तरांनीं त्याला समजावण्याचें काम मजकडे सोंपविलें, कारण मी वयानें वडील आणि त्याच्याच धर्माचा. मी त्याला म्हटलें, "अरे बाळ, सगळ्याच शाळांतून हें चालतें. यांत पोरांचें काय नुकसान आहे? आणि संख्या कमी पडली, तर एक शिक्षक कमी होईल. सर्वांत नवा तूंच आहेस."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गुरुजी, हजेरींत पोर हजर दिसलें, कीं त्याला शोधायला कोणी जात नाहीं."

मजजवळ याला उत्तर नव्हतें. मी त्याला सत्य आणि असत्य यांविषयींच्या वादास तयार होऊन गेलों होतों. तो मात्र त्या सतरा पोरांविषयीं बोलत होता. मागाहून मला कळलें, कीं महिनाभर तो संध्याकाळीं सायकलवर त्या सतरा घरीं जाऊन आला होता. बहुतेक घरांना कुलुपें होतीं. पण सहा घरीं म्हाताऱ्या आज्या मागें राहिलेल्या होत्या. पुढच्या हंगामापूर्वीं त्यानें आईबापांची समजूत घातली, आणि सहांपैकीं चार पोरें आजीजवळ गांवीं राहिलीं. रात्रीं तो त्यांना स्वतः शिकवीत असे. कार्डाइन यांचें नांव त्यानें कधीं ऐकलें नसावें. पण पाहा, पारखा आणि करा, या तिन्ही पायऱ्या तो चढून गेला होता. मीहि रोज तेंच हजेरीपत्रक उघडीत होतों. तीं पोरें मला मात्र कधीं दिसलीं नव्हतीं.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. एक तुकडी मोडली आणि त्या तरुणाची जागा गेली. शेवटच्या रविवारीं तो चर्चमध्यें माझ्या शेजारींच बसला होता. माझें गीतांचें पुस्तक घरीं राहिलें होतें, तें पाहून त्यानें आपलें पुस्तक माझ्याकडे सरकविलें. त्याच्या मनांत राग नव्हता. कदाचित् म्हणूनच माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुढें त्याला दुसऱ्या ठिकाणीं मुलांच्या वसतिगृहांत काम मिळालें. मी मात्र त्यानंतरहि दोन वर्षें पूर्वीप्रमाणेंच हजेरी मांडीत राहिलों. खरे आकडे लिहिण्याचा धीर मला आला, तो निवृत्तीचें वर्ष उजाडल्यावर, जेव्हां त्यांत माझें कांहींच जाणार नव्हतें. तीं चार मुलें पुढें शाळा पुरी करून गेलीं. बाकीच्या तेरांचें काय झालें, तें मला सांगतां येत नाहीं. कारण कागदोपत्रीं तीं माझ्या शाळेंत हजर होतीं.

ही गोष्ट सांगण्यांत तरुणांनीं नोकऱ्या सोडाव्या असा माझा हेतु नाहीं. खरेपणाचें फळ लगेच आणि गोड मिळतें, असेंहि मी सांगणार नाहीं. मिळत नाहीं, हें मीं पाहिलें आहे. मला सांगावयाचें तें इतकेंच, कीं श्रद्धेची कसोटी बहुधा फार मोठ्या प्रसंगीं लागत नाहीं. ती हजेरीपत्रकावर लागते. दुकानाच्या बिलावर लागते. रुग्णालयांत रात्रपाळीस असलेल्या परिचारिकेच्या कानीं घंटा पडते आणि पाय दुखत असतात, तेव्हां लागते. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उभारलें. त्या काळीं परक्याची जखम धुणें हें घरंदाज मुलीचें काम नव्हे, असा समज सर्वत्र होता. तो समज मोडण्यांत महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मुलींचा मोठा वांटा आहे. आणि त्यांतील बहुतेकींचीं नांवें कोठेंहि लिहिलेलीं नाहींत.

आमच्या समाजांतील तरुणांस पाहावयास आणि पारखावयास आजहि पुष्कळ आहे. बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या लोटल्या, तरी लग्न जुळवितांना पूर्वीची जात हळूच विचारली जाते. एकाच प्याल्यांतून प्रभुभोजन घेणारीं कुटुंबें सोयरीक करतांना मागें सरतात. लग्नांतील खर्चासाठीं कर्ज काढलें जातें आणि मुलीच्या बापास तें वर्षानुवर्षें फेडावें लागतें. हातांतल्या फोनवर दुसऱ्याची निंदा आली, कीं खरेंखोटें न पाहतां आम्ही ती पुढें पाठवितों. कोणा तरुणानें ठरविलें, कीं माझ्या लग्नांत हुंडा नाहीं, जातीची चौकशी नाहीं, आणि खात्री केल्यावांचून मी कोणाविषयीं वाईट शब्द पुढें पाठविणार नाहीं, तर त्याला दूर देशीं धर्मसेवेस जाण्याची गरज नाहीं. त्याचें क्षेत्र त्याच्या घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतें.

येथें एक इशारा मात्र दिला पाहिजे. आपण इतरांहून चांगले आहों, असें दाखविण्यासाठीं केलेलें चांगलें काम लवकरच नासतें. ख्रिस्ती मनुष्यानेंच तेवढें प्रामाणिक असावें, असें नाहीं. माझ्या त्या शाळेंतील एक मुसलमान शिपाई आपल्या पगारांतून गरीब पोरांना पाट्या घेऊन देत असे, आणि तें कोणास कळूं देत नसे. तरुणांनीं आपल्या धर्माची शोभा वाढवावी, ती शेजाऱ्याच्या धर्मास उणें लेखून नव्हे. कामाच्या ठिकाणीं शेजारी कोणत्याहि धर्माचा असो, त्याच्यासह पाहावें, त्याच्यासह पारखावें आणि त्याच्यासह करावें. अहंकारापासून दूर राहण्याचा तोच उत्तम उपाय आहे.

शेवटीं आम्हां वडील मंडळींस एक विनंति. मुलगा संध्याकाळीं कामावरून घरीं आला, म्हणजे त्याला एक प्रश्न विचारावा : "आज तूं काय पाहिलेंस?" तो सांगूं लागला, तर मध्यें उपदेश न करतां ऐकावें. आणि एखादे दिवशीं तो म्हणाला, कीं आज मीं असें केलें व त्यामुळें माझें नुकसान होणार आहे, तर त्याला व्यवहार शिकविण्याची घाई करूं नये. मीं ती घाई एकदां केली होती. त्या तरुणास मीं जें सांगितलें, तें आज कोणी परत घेऊं देईल तर मी आनंदानें परत घेईन. तें शक्य नाहीं. म्हणून तें येथें, आपणां सर्वांसमक्ष, सांगून टाकलें आहे.